चहाआधीचं स्वप्न

दुपारी जेवल्यावर मला झोप लागते, हा माझा दोष म्हणून सासरी पंचवीस वर्षं सांगितला गेला. मग त्याचीच मला नोकरी लागली.

जाहिरात वर्तमानपत्रात होती. ‘वैद्यकीय संशोधनाच्या अनुदान-अर्जांचे मूल्यमापन करण्याकरिता दुपारची निकोप झोप असलेल्या व्यक्ती हव्यात. वय चाळीसच्या पुढे. शिक्षणाची अट नाही.’ मी दहावी नापास. पुढचं जे काही आहे ते वाचनालयातून आणून, भाजी निवडता निवडता वाचलेलं. त्यामुळे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि आमच्या यांनाही वाचून दाखवलं.

“घ्या!” हे म्हणाले. “तुझ्या घोरण्याला मान्यता मिळाली.”

“मी घोरत नाही.”

“काळी दोनमध्ये घोरतेस. पेटीवर लावून बघितलंय मी.”

हे म्हणजे बळवंत हुपरीकर. मिरजेत पेटी दुरुस्त करणारे जे चार-पाच जण उरलेत, त्यांतले एक. बिनचालकाच्या रिक्षा गावात फिरायला लागल्या, शाळेत गाणं शिकवणारी यंत्रं आली, तरी पेटी बेसूर झाली की लोक अजून आमच्याच दारात येतात. पेटीचा सूर म्हणजे आत एक पितळी पट्टी असते. तिचं टोक किंचित खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. किंचित म्हणजे केसाएवढं. जास्त खरवडलं तर ते पितळ परत आणता येत नाही.

आणि यांचा हात सहा वर्षांपासून थरथरतो.

तेव्हापासून आमच्याकडे कप अर्धाच भरतो. शर्टाची बटणं मी लावते. पट्टी खरवडायची वेळ आली की मी यांच्या शेजारी बसते आणि यांचं उजवं मनगट माझ्या मुठीत घट्ट धरते. हे डाव्या हातानं सूर वाजवून बघतात, श्वास धरतात, “हं” म्हणतात आणि त्या ‘हं’च्या आत पातं एकदाच फिरतं. गिऱ्हाइकांना वाटतं, बाई मदत करतात. मदत कसली, आम्ही दोघं मिळून एक हात झालो होतो.

तर, नोकरी.

अनुदान देणाऱ्या मंडळानं झोपेचा हा प्रयोग आधी एका थंडगार प्रयोगशाळेत केला होता म्हणे. पांढऱ्या गाद्या, पांढरे दिवे. माणसं झोपली, पण सगळ्यांच्या स्वप्नात बर्फच आला. मग कुणाला तरी सुचलं आणि मंडळानं एक जुनं मंगल कार्यालयच घेतलं. जेवणावळ आटोपल्यावर मंगल कार्यालयात जिथे जागा मिळेल तिथे लवंडायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. खाली वरण-भात, एक भाजी, ताक. वर अकरा गाद्या, अकरा तक्के. खिडक्यांना लाल-निळ्या काचा, त्यामुळे दुपारचं ऊन आत येताना रंगूनच यायचं आणि झोपलेल्यांच्या पायांवर सरकत राहायचं. प्रत्येकाच्या डोक्याला तारा विणलेली मऊ कुंची. पन्नाशी-साठीची अकरा माणसं बाळासारखी कुंच्या बांधून ओळीनं पडलेली. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना.

यातलं शास्त्र मला जसं समजलं तसं सांगते.

पूर्वी असे अर्ज तज्ज्ञांच्या समितीपुढे जायचे. वाईट अर्ज कुठला, हे तज्ज्ञ अचूक सांगायचे. पण चांगले तीस असले आणि त्यांतून पाच निवडायचे झाले, की गोंधळ. तोच गठ्ठा दोन समित्यांना दिला तर दोन वेगळ्याच याद्या येत. संस्थेचं नाव मोठं असलं, इंग्रजी गुळगुळीत असलं, की अर्ज आपोआप वर सरके. मग झोपेचा अभ्यास करणाऱ्या लोकांच्या लक्षात एक गोष्ट आली. डोळा लागतो ना, ती पाच-सात मिनिटं, त्या वेळी मेंदू कानावर पडलेली गोष्ट जुन्या आठवणींशी शिवत असतो. जागेपणी आपण वाक्यं वाचतो. त्या पाच मिनिटांत आपण त्या वाक्यात राहायला जातो. कुंचीला हा क्षण बरोबर कळतो. ती कानात हलकेच सांगते की अमुक उपचार आला आहे, पाच वर्षं झाली आहेत, तुम्ही त्या घरात आहात. आणि स्वप्न दाट व्हायच्या आत जागं करते.

एकट्याचं स्वप्न म्हणजे कचरा. पण अकरा जणांच्या कचऱ्यात एकच वस्तू पुन्हा पुन्हा सापडली, तर ती उचलून बघावी. तज्ज्ञ शास्त्र तपासायचे, आम्ही घर तपासायचो.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात मधुमेहींच्या बुटांचा अर्ज आला. पायाला जखम होण्याआधी सांगणारे बूट, पण दिवसभर पायांत हवेत. अकरांपैकी सात जणांच्या स्वप्नात ते बूट उंबऱ्याबाहेर ओळीनं काढून ठेवलेले. शास्त्र बिनचूक होतं हो. पण आपल्याकडे घरात बूट घालून फिरणार कोण? संशोधकांनी बुटाचा मोजा केला. मग तो अर्ज मंजूर झाला.

नियम दोनच होते. एक, जागं झाल्यावर स्वप्न चहाआधी सांगायचं. चहाचा घोट पोटात गेला की माणूस विचार करायला लागतो आणि स्वप्नाला इस्त्री करतो; तसं स्वप्न धरत नाहीत. दोन, त्या आजाराचं नात्यातलं कुणी असेल तर आधी लिहून द्यायचं आणि त्या दिवशी झोपायचं नाही. आपल्या माणसासाठी सगळे गोडच स्वप्न बघणार, असं मंडळाला वाटायचं.

स्वप्न सांगून झालं की जागेपणाची चव द्यायची. प्रत्येकाच्या उशाशी तीन चिमुकल्या डब्या असत. खडीसाखर, कुरमुरे, मेथी. गोड, सपक किंवा कडू, जे असेल त्याचा एक दाणा आपल्या वाटीत टाकायचा. तीन मेथीचे दाणे आले की अर्ज परत.

ही कल्पना नलवडे मॅडमची. पस्तिशीची पोरगी, दालनाची प्रमुख, सगळ्यांना मावशी-काका म्हणून कामाला लावणारी. दोनशे चौदा नंबरच्या अर्जाच्या दिवशी जेवणाआधी तिनंच माझ्या हातात फॉर्म दिला. वर आजाराचं नाव होतं: हातांचा कंप.

खाली प्रश्न: ‘आपल्याशी रक्ताचे नाते असलेल्या कोणास हा आजार आहे काय?’

मी ‘रक्ताचे’ या शब्दावर बोट ठेवलं. मग विचार केला, नवरा रक्ताचा कुठे असतो? आणि ‘नाही’वर खूण केली. खोटं एक अक्षर नव्हतं. तरी फॉर्म परत देताना तो मी उलटा करून दिला.

मला त्या अर्जाला खडीसाखर द्यायची होती, हे कबूल करते. मूठभर द्यायची होती.

मी अकराव्या गादीवर, खिडकीशी, लवंडले. लाल काचेचं ऊन पोटरीवर आलं. कुंचीतला आवाज म्हणाला, “एक माणूस आहे. त्याचा हात थरथरत असे. महिन्यातून एकदा तो वीस मिनिटं खुर्चीत बसतो. बाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरी मेंदूतला चुकलेला ठेका मोडतात. कुठे चिरायचं नाही, टाका नाही. पाच वर्षं झाली आहेत. दुपार आहे. तुम्ही त्याच्या घरात आहात.”

मी आमच्याच घरात होते. पण घर पाण्याखाली असावं तसं हलत होतं आणि भिंतीतून सूर येत होते, एकेक, स्वच्छ, कुठे कणभर लहर नाही. हे खिडकीशी बसले होते. हात असा थांबलेला, की त्यावर चिमणी येऊन बसली होती. हे तिला उडू न देता पट्टी खरवडत होते. मी शेजारी जाऊन बसले आणि मनगट धरायला हात पुढे केला. मनगटाभोवती जागाच नव्हती. म्हणजे मनगट होतं, माझा हात होता, पण मधे माझ्या मुठीएवढी जागा उरली नव्हती. यांनी वर बघितलं. ओळखीचं हसले, बँकेतल्या बाईकडे बघून हसतात तसं.

मी मूठ तशीच मिटून बाहेर पडले. रस्ताभर ऊन पसरलेलं. मिटल्या मुठीत काहीतरी होतं, जड नाही, पण खाली ठेवता येईना. भेटेल त्याला विचारत सुटले, “हे कुठे ठेवू?” भाजीवाली म्हणाली, इथं नको. पोस्टातला म्हणाला, यावर पत्ता नाही. शेवटी मी मूठ उघडली. आत काहीच नव्हतं, आणि ते काहीच-नाही माझ्या तळहातावर थरथरत होतं.

जागी झाले तेव्हा जिभेच्या मुळाशी मेथी होती. तोंडात न टाकताच.

माझी गादी शेवटची, म्हणून कुंची मला सगळ्यांच्या शेवटी उठवायची. नलवडे मॅडम दालनाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी बसलेली. तिथपर्यंत चालत जाताना दहा जणांच्या उशाशी दहा वाट्या दिसत होत्या. बघायच्या नसतात. मी बघितल्या. खडीसाखर, खडीसाखर, कुरमुरा, मेथी, खडीसाखर... आणखी एक मेथी.

दोन झाल्या होत्या.

“या शालनमावशी,” मॅडम म्हणाली. “काय दिसलं?”

तेवढ्या चार पावलांत माझ्या मनात काय काय आलं, ते लिहायला लाज वाटते. ‘गोड’ म्हणून मोकळं व्हावं, कोण विचारतंय? पण बुटांच्या दिवशी आम्ही खरं बोललो म्हणून तर कुणाचे तरी पाय वाचले. खोटं बोलायचं तर मग या कुंच्या कशाला? आणि खरं सांगावं, तर तिसरी मेथी माझी. यांचा हात थांबू नये म्हणून दिलेली. यांच्या बायकोनं.

टेबलाच्या कडेला मोकाशीकाकांचा चहा होता. निवृत्त पोस्टमास्तर, पाच नंबरची गादी. आपलं सांगून झाल्यावर आरामात कप घेऊन बसले होते. मी तो कप उचलला आणि गटागट पिऊन टाकला.

“मावशी!” मॅडम उभीच राहिली. “अहो, सांगायचं राहिलं ना!”

“राहिलं,” मी म्हणाले.

“तो माझा कप,” मोकाशीकाका म्हणाले. “आणि उष्टा होता.”

“आता तुमचं स्वप्न धरता येणार नाही मला. कळतंय का तुम्हाला? तीन वर्षांत एकदाही नियम मोडला नाही तुम्ही.”

“धरू नका. म्हणूनच प्यायले.”

तिनं मला हात धरून बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. तिथे लग्नातल्या लोखंडी खुर्च्या अजून रचून ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या दोन तिनं ओढल्या.

“बोला.”

“आमच्या यांचा हात थरथरतो. सहा वर्षं.”

“आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिलंत?”

“तुम्ही रक्ताचं नातं विचारलंत. मी मालगाव रस्त्यावरची पाटलांची. हे हुपरीकर. रक्त कुठून येणार?”

तिनं कपाळाला हात लावला. रागावली होती, पण ओठाचा एक कोपरा दगा देत होता. “असू दे. म्हणजे तुम्हाला गोड दिसलं आणि मग मनाला टोचलं, असंच ना?”

“कडू दिसलं.”

मी सगळं सांगितलं. चिमणी, मनगट, मूठ. सांगताना माझी मूठ मांडीवर मिटलेलीच होती. ते मला तिच्या नजरेवरून कळलं.

तिनं आपली खुर्ची माझ्याजवळ सरकवली. मग म्हणाली, “मावशी, दोन वर्षांपूर्वी विसरण्याच्या आजारावरचा एक अर्ज आपण परत पाठवला, आठवतो?”

आठवत होता. त्या दिवशी मी तापानं घरी होते.

“चार मेथ्या. चौघांच्या स्वप्नात तेच. रिकामं घर, रिकामे हात, काहीतरी हरवलंय. आम्ही संशोधक बाईंना कळवलं, तुमच्या उपचारात कुठेतरी खोट आहे, शोधा. त्या सहा महिने खोट शोधत होत्या.” ती उठली. “बसा इथेच.”

व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून तिनं एकामागोमाग चार फोन केले. मला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती. प्रत्येक फोननंतर ती पाठ जरा वाकत होती.

परत आली ती चप्पल टोकालाच विसरून. “ते मेथीवाले चौघं. तीन सुना आणि एक नवरा,” ती म्हणाली. “चौघंही घरी तसं माणूस सांभाळत होते. एकाचंही रक्ताचं नातं नाही. चौघांनीही ‘नाही’ लिहिलं. खरंच लिहिलं.”

“त्यांना ते माणूस बरं व्हायला नको होतं, असं नाही हो,” मी घाईघाईनं म्हणाले.

“ठाऊक आहे.”

“हाताला सवय असते. हाताला कळत नाही.”

“ठाऊक आहे, मावशी,” ती म्हणाली आणि माझ्या मिटलेल्या मुठीवर तिनं हात ठेवला. “आम्हाला भीती गोडाची होती. कडवटाकडे आम्ही बघितलंच नाही. तो विसरण्याच्या आजाराचा अर्ज परत मागवते मी. तुमचा दोनशे चौदा नंबरचा अर्ज बाकीच्या दहा स्वप्नांवर जाईल. त्याचं पुढे काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्ही विचारायचं नाही.”

मी विचारलं नाही. घरी मात्र सांगावं लागलं.

हे भात्याचं कातडं चिकटवत होते. मी सगळं सांगितलं, एका दमात. यांच्या हातातला ब्रश थरथरत कागदावर ठिपके पाडत होता. मी सवयीनं मनगट धरायला गेले, आणि यांनी हात मागे घेतला.

“म्हणजे मी बरा झालो तर तुला कडू लागणार.”

“अहो, स्वप्नात.”

“स्वप्नात का होईना.”

त्या संध्याकाळी यांनी बटणं स्वतः लावली. दहा मिनिटं लागली, आणि एक घर चुकलं. मी बघत राहिले. शर्ट एका बाजूला वर, एका बाजूला खाली, तसेच जेवायला बसले.

“चुकलंय,” मी म्हणाले.

“दिसतंय मला.” दोन घास झाले. मग हे ताटाकडेच बघत म्हणाले, “सहा वर्षं मला वाटायचं, तू कंटाळली असशील. रोज उठून माझं मनगट. बोलत नाही, पण कंटाळली असेल.” भाताचा घास तोंडाशी जाता जाता सांडला. “तुला कडू लागलं, हे ऐकून मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून राग आला. आता बोल.”

मी चुकलेलं बटण सोडवलं आणि नीट लावलं. या वेळी यांनी लावू दिलं.

अर्ज मंजूर झाला. मला ते चार महिन्यांनी कळलं, जेव्हा या उपचारासाठी रुग्ण हवेत अशी सांगलीच्या रुग्णालयाची जाहिरात आली तेव्हा. हे गेले, तपासण्या झाल्या, नाव लागलं. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरनं यांना ठेका मोडणं म्हणजे काय ते समजावून द्यायला सुरुवात केली, तर यांनीच त्याला समजावलं: “दोन सूर एकमेकांजवळ, पण किंचित वेगळे लागले, की मधे लाट उठते. माझ्या डोक्यात तशी लाट उठलीय. तुम्ही तिसरा सूर सोडून ती बसवणार. बरोबर?” डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

मग तिथल्या लोकांनी मलाही आत बोलावलं. माझ्यापुढे एक कागद ठेवला, घरच्या माणसासाठी. या अभ्यासात तो नव्यानं घातलेला होता. रोज तुम्ही यांचं काय काय करता, आणि ते थांबलं तर त्या वेळात काय कराल. कुणाच्या स्वप्नातून हा कागद निघाला, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या प्रश्नाखालची जागा मी कोरी ठेवली.

मंगल कार्यालयातला फॉर्मही बदलला. आता तिथे विचारतात, ‘या आजाराच्या कोणासाठी आपण रोज काही करता काय?’ विसरण्याच्या आजाराचा अर्ज नव्या अकरा जणांपुढे पुन्हा गेला. मी अजून तिथे झोपते, हात सोडून बाकी सगळ्या आजारांसाठी.

यांचा हात थांबला. पुरता नाही, महिन्यातले तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात लाट पुन्हा हळूहळू उठते, आणि त्या आठवड्यात यांच्याकडे दुरुस्तीच्या पेट्या जरा जास्तच असतात, असं माझ्या लक्षात आलंय. बसते शेजारी, मनगट धरते.

परवा मात्र दुसरा आठवडा होता. रविवार, मंडळाला सुट्टी. मी घरीच जेवून, सतरंजीवर लवंडले. जाग आली तेव्हा हे समोर उभे, हातात कप. काठोकाठ भरलेला. इतक्या वर्षांत आमच्या घरात तसा कप मी बघितला नव्हता. चहात वरचा पंखा दिसत होता आणि त्याची पाती तेवढी फिरत होती, चहा नाही.

“आधी स्वप्न सांगायचं,” हे म्हणाले, “मग चहा.”

“आणा इकडे.”

“नियम म्हणजे नियम. चव सांग निदान.”

मी उठून बसले, यांच्या हातातल्या कपाला तसंच तोंड लावलं आणि एक मोठा घोट घेतला.

“साखर विसरलात,” मी म्हणाले.

हे हसले. कप घेऊन ओट्याशी गेले, डबा उघडला, चमचा भरला. शीग लावून भरला. तो चमचा डब्यातून निघाला आणि हवेतून कपाकडे यायला लागला. मी सतरंजीवर होते, ओटा सहा पावलं लांब, तरी माझा हात आपोआप वर गेला, धरायला. चमचा कपात उतरला. एक दाणा सांडला नाही.

माझा हात तसाच अर्ध्यात, बोटं वळलेली, आत काही नाही. खाली घ्यायचं मला सुचेना.

हे आले आणि यांनी कप माझ्या त्याच हातात दिला.